फादर अ‍ॅग्नेल यांनी शाळा काढलीच नव्हती

वांद्रे, वाशीची फादर अ‍ॅग्नेल शाळा ‘फादर अ‍ॅग्नेल यांनीच काढली’, असं पालक एकमेकांना वर्षानुवर्षं सांगत आलेत. तारखाच बघा ना. फादर अ‍ॅग्नेल, म्हणजेच फादर आग्नेलो डिसोझा, यांचा जन्म १८६९ चा, गोव्यातल्या हणजूणचा. २० नोव्हेंबर १९२७ ला ते गोव्यातच राशोलला वारले. या शाळा ज्यातून उभ्या राहिल्या, तो वांद्र्याचा आश्रम सुरू झाला १९५७ साली, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी! तो उभा केला पिलार सोसायटी या गोव्यातल्या पाद्र्यांच्या संस्थेच्या फादर कॉन्सेसांव रॉड्रिग्ज यांनी. वांद्र्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजला त्यांचं नाव आहे, तरी शाळेच्या गोष्टीतून ते गळतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग अ‍ॅग्नेल कोण? राशोलच्या सेमिनरीत भावी पाद्र्यांना घडवणारे, गावोगाव प्रवचनं देणारे साधे धर्मगुरू. शेवटी प्रवचन देतानाच ते कोसळले आणि दुसऱ्या दिवशी गेले. ते ज्या पिलार सोसायटीचे, ती पुढे जवळजवळ संपलीच होती. १९३९ मध्ये ती नव्याने उभी राहिली आणि तिने आपल्या संस्थांना त्यांचं नाव दिलं.

आणखी एक: ते अजून ‘संत’ नाहीत. १९८६ मध्ये पोपनी त्यांना ‘पूजनीय’ घोषित केलं. संतपदाआधी ‘धन्य’ ही पायरी अजून बाकी आहे.