बुटांचे मिरर पॉलिश

चामड्याच्या औपचारिक बुटांच्या टोकावर आणि टाचेवर मेणयुक्त पॉलिशचे अतिशय पातळ थर एकावर एक चढवून, प्रत्येक थर पाण्याच्या थेंबासह मऊ फडक्याने घोटून, त्या पृष्ठभागात समोरच्या वस्तूची प्रतिमा दिसेल इतकी चकाकी आणण्याच्या पद्धतीला मिरर पॉलिश म्हणतात. सैन्यदलांत आणि एनसीसीच्या छात्रांमध्ये ती ‘स्पिट पॉलिश’, म्हणजे थुंकीचे पॉलिश, या नावाने ओळखली जाते. रोजच्या ब्रशच्या पॉलिशने बूट स्वच्छ आणि तुकतुकीत दिसतो. या पद्धतीने तयार केलेल्या बुटाच्या टोकात मात्र खिडकीची चौकट, दिव्याची कडा, वाकून पाहणाऱ्याचा चेहरा ओळखू येतो. ही चकाकी चामड्यावर बसवलेल्या मेणाच्या थराची असते. साहित्याची निवड, हाताचा दाब, पाण्याचे प्रमाण आणि बुटाच्या कोणत्या भागावर थांबायचे याचा निर्णय, हे सारे या एका गोष्टीवरून ठरते.

कमावलेल्या चामड्याचा वरचा पदर, ज्याला या व्यवसायात ग्रेन म्हणतात, नुसत्या डोळ्यांना गुळगुळीत वाटला तरी त्यावर केसांच्या मुळांची छिद्रे आणि बारीक सुरकुत्या असतात. अशा पृष्ठभागावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि प्रतिमा उमटत नाही. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. पृष्ठभागावरील उंचसखलपणा त्यापेक्षा बराच कमी झाला की प्रकाश ठरावीक कोनातच परावर्तित होऊ लागतो. पॉलिशचे पहिले थर छिद्रे भरतात, पुढचे थर खडबडीत भिंतीवरच्या गिलाव्याप्रमाणे पातळी एकसारखी करतात, आणि शेवटचे, जवळजवळ मेण नसलेले हात ती पातळी घोटून नितळ करतात. काळ्या आणि गडद तपकिरी बुटांवर प्रतिमा ठळक दिसते, कारण खालचा रंग बहुतेक प्रकाश शोषून घेतो आणि डोळ्यांपर्यंत मुख्यतः मेणाच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाशच पोचतो. फिकट टॅन बुटावर तेवढेच कष्ट घेतले तरी परिणाम सौम्य राहतो.

डबीतले घट्ट पॉलिश म्हणजे मेण, द्रावक आणि रंग यांचे मिश्रण. मेणांपैकी कार्नोबा मेण सर्वांत महत्त्वाचे. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून ते मिळते, ते अतिशय कठीण असते आणि सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळते. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांनाच वितळते व मऊ असते; त्याने मिश्रणाला लवचिकपणा येतो. कार्नोबा एकटेच वापरले तर थर ठिसूळ होतो, आणि मऊ मेणच जास्त असेल तर चकाकी धूसर राहते. द्रावक म्हणून पूर्वी चीडच्या राळेपासून मिळणारे टर्पेंटाइन वापरत असत. आता बहुतेक डब्यांत खनिज तेलापासून काढलेले द्रावक असते. काळा रंग बहुधा नायग्रोसिन या कृत्रिम रंगद्रव्याचा असतो. द्रावकाचे काम मेण पसरू देणे आणि मग उडून जाणे एवढेच आहे. म्हणूनच काही अनुभवी लोक नवी डबी थोडा काळ उघडी ठेवून पॉलिश जरा घट्ट होऊ देतात. ट्यूबमधल्या किंवा बाटलीतल्या क्रीममध्ये मेण कमी आणि पाणी, तेल व रंग जास्त असतो. चामड्याला रंग आणि ओलावा देण्यासाठी ते उत्तम आहे, पण त्याने आरसा होत नाही. स्पंज लावलेल्या ‘इन्स्टंट शाइन’ डब्यांतील सिलिकॉनयुक्त द्रव क्षणभर लकाकी देतो. मिरर पॉलिशसाठी त्याचा काहीही उपयोग नाही.

सर्व चामडी या कामाला सारखी नाहीत. क्रोम पद्धतीने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेले, बारीक ग्रेनचे वासराचे चामडे, म्हणजे बॉक्स काफ, सर्वांत योग्य. म्हशीच्या चामड्याचा ग्रेन भरड असल्याने थर जास्त लागतात. स्वस्त बुटांत वरचा पदर घासून त्यावर रंगाचा व प्लॅस्टिकसदृश आवरणाचा लेप दिलेला असतो. तेथे मेणाला धरून राहायला छिद्रेच सापडत नाहीत आणि थर पापुद्र्यासारखा निघतो. पेटंट चामड्याला कारखान्यातच चकाकी दिलेली असते, त्यावर मेण घालणे व्यर्थ होय. स्वेड आणि नुबक या लवदार चामड्यांवर तर घट्ट पॉलिश लावूच नये, त्याने लव कायमची चिकटते.

प्रत्यक्ष कृतीत सर्वाधिक दुर्लक्ष पूर्वतयारीकडे होते. बुटात लाकडी शू-ट्री (पायाच्या आकाराचा साचा) किंवा कागदाचे बोळे भरून तो ताठ करावा, नाडी काढावी, वेल्टच्या, म्हणजे वरचे चामडे आणि तळवा जोडणाऱ्या पट्टीच्या, खाचेतली धूळ लहान ब्रशने झाडावी आणि ओलसर फडक्याने बूट पुसून वाळू द्यावा. जुन्या पॉलिशचे जाड किंवा तडकलेले थर असतील तर ते आधी रिमूव्हरने काढावे लागतात. त्यानंतर कंडिशनर किंवा क्रीम सगळ्या बुटाला थोडे थोडे चोळावे, ते मुरू द्यावे आणि घोड्याच्या केसांच्या ब्रशने बूट घासून घ्यावा. हा टप्पा टाळता येत नाही, कारण एकदा मेणाचा बंद थर बसला की खालच्या चामड्यापर्यंत पोषण पोचणे अवघड होते.

मग फडके. जुन्या सुती बनियनचा धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा विकतच्या कापडापेक्षा सहसा सरस ठरतो. तो तर्जनी आणि मधल्या बोटाभोवती घट्ट गुंडाळून उरलेला भाग पिळा देऊन तळहातात धरतात, म्हणजे बोटांच्या टोकांवर एकही चुणी राहत नाही. चुणी राहिली तर तिची रेघ मेणावर उमटते. बोटांनी डबीतले थोडेसे पॉलिश टिपून टो-कॅपवर, म्हणजे बुटाच्या टोकावरच्या चामड्यावर, लहान लहान वर्तुळांत पसरतात. असे तीन-चार पाया-थर पाण्याशिवाय, प्रत्येक थर काही मिनिटे सुकू देऊन चढवतात. पृष्ठभाग या वेळी निस्तेज आणि चिकटसर दिसतो. तो तसाच दिसायला हवा.

पुढच्या थरापासून पाणी येते. फडक्याचे टोक पाण्यात जेमतेम ओलावतात किंवा बुटावर बोटाने एखादा थेंब टाकतात, नखाएवढे पॉलिश घेतात आणि पुन्हा वर्तुळे सुरू करतात. आधी पांढुरके धुके उमटते. हात हलका करत गेल्यावर ते विरते आणि त्याखाली चकाकी उघडी पडते. पाया पुरेसा भरला की नाही हे ओळखण्याची खूण अशी की पाण्याचा थेंब चामड्यात न मुरता मेणावर गोल मण्यासारखा सरकतो. यानंतर दर फेरीला पॉलिश कमी आणि दाबही कमी होत जातो. अखेरीस फडक्यावर मेण जवळजवळ नसतेच, फक्त ओलावा असतो, आणि बोटांचे वजनही बुटावर टाकलेले नसते. पहिल्यांदा आरसा उभा करायला एका जोडीला अर्धा ते एक तास सहज लागतो. पुढे तोच पाया टिकवून केवळ वरचे हात द्यायला थोडी मिनिटे पुरतात.

पाण्याचे काम नीट समजले की निम्म्या अडचणी सुटतात. फडके कोरडे असेल तर ते ताज्या मेणाला धरते आणि बसलेला थर उचलून नेते. पाण्याचा पातळ पडदा मधे असला की फडके मेणावरून घसरते. घासण्याची ऊब मेणाला किंचित मऊ करते, पाणी ते लगेच थंड करून घट्ट करते. म्हणून काही जण बर्फाचे पाणी वापरतात. थुंकीत वेगळा गुण आहे अशी समजूत सैनिकांत प्रचलित आहे, पण काम स्वच्छ पाण्याने तितकेच चांगले होते आणि तेच वापरावे. पाण्यात मद्यार्काचे एक-दोन थेंब टाकण्याची पद्धतही युरोपात रूढ आहे. पॅरिसच्या बर्लुती या पादत्राण-घराण्याच्या ओल्गा बर्लुती यांनी लिननच्या कापडाने आणि शॅम्पेनने बूट घोटण्याची रीत प्रसिद्ध केली.

शिकाऊ हाताची चूक जवळजवळ नेहमी एकच असते, ती म्हणजे जास्त पॉलिश. ताज्या पॉलिशमधील द्रावक खालचे मेणही विरघळवते. थर जाड असला की द्रावक आत अडकून राहते, आधीचा गुळगुळीत पृष्ठभाग ढवळला जातो आणि रेघोट्या पडतात. अशा वेळी अधिक जोर लावण्याऐवजी बूट काही तास बाजूला ठेवावा, मेण घट्ट होऊ द्यावे आणि मग फक्त ओल्या फडक्याने हलके हात द्यावेत. पेटत्या लायटरने मेण वितळवून वेळ वाचवण्याचा प्रकार बराकींत चालतो. ज्वलनशील द्रावक आणि शिवणीचा दोरा यांचा विचार करता तो टाळलेलाच बरा.

चकाकी कुठे आणावी याला निश्चित मर्यादा आहे. टोकाच्या आत टो-पफ आणि टाचेत काउंटर हे कडक तुकडे असतात, त्यामुळे हे दोन भाग चालताना वाकत नाहीत. मधल्या भागावर प्रत्येक पावलाला घडी पडते. तेथे मेणाचा जाड थर दिला तर तो पहिल्याच दिवशी तडकतो आणि भेगांत पांढरी धूळ बसते. जाणकार हात टो-कॅपवरची चकाकी घडीकडे हळूहळू विरत नेतो आणि मधला भाग केवळ ब्रशने तुकतुकीत ठेवतो. संपूर्ण बूट काचेसारखा करण्याच्या हौसेपेक्षा हे अधिक देखणे दिसते आणि चामड्यालाही मानवते.

मेणाचे घट्ट पॉलिश घरोघर पोचण्यापूर्वी युरोपात ‘ब्लॅकिंग’ नावाचे काळे मिश्रण वापरले जाई. त्यात हाडांचा कोळसा किंवा काजळी, काकवी, व्हिनेगर, तेल आणि सल्फ्यूरिक आम्ल असे. लंडनमध्ये त्याचे मोठे कारखाने होते. चार्ल्स डिकन्स १८२४ साली, बारा वर्षांचे असताना, थेम्सकाठच्या वॉरेन यांच्या अशाच कारखान्यात डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्याचे काम करीत. लुई दागेर यांनी १८३८ मध्ये पॅरिसच्या बुलेव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचे टिपलेले छायाचित्र माणूस दिसणारे सर्वांत जुने ज्ञात छायाचित्र मानले जाते, आणि तो माणूस बूट पॉलिश करून घेत उभा आहे. छायाचित्र टिपायला लागलेल्या काही मिनिटांत रस्त्यावरची सारी वर्दळ पुसली गेली, एका जागी पाय रोवून थांबलेला तेवढा राहिला. आधुनिक डबी विसाव्या शतकाच्या आरंभीची. विल्यम रॅम्से यांनी १९०६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे ‘किवी’ पॉलिश बाजारात आणले. पत्नी न्यूझीलंडची असल्याने त्यांनी हे नाव निवडले. पहिल्या महायुद्धात सैनिकांबरोबर ते जगभर गेले. भारतात त्याच्या जोडीने ‘चेरी ब्लॉसम’ची डबी परिचित झाली.

सैन्यातील परंपरेचे मूळ शिस्तीच्या कल्पनेत आहे. ब्रिटिश सैन्याच्या जुन्या बुटांचे चामडे दाणेदार असे. सैनिक तापवलेल्या चमच्याच्या दांड्याने ते दाणे दाबून सपाट करीत आणि मगच पॉलिशला लागत. सॅम ब्राउन पट्टाही, म्हणजे अधिकाऱ्यांचा कमरेचा आणि खांद्यावरून जाणारा चामडी पट्टाही, अशाच रीतीने घोटला जातो. १८५८ मध्ये उत्तर भारतातील एका लढाईत डावा हात गमावलेल्या सॅम्युएल ब्राउन या अधिकाऱ्याच्या नावाने तो ओळखला जातो. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीपासून शाळा-महाविद्यालयांतील एनसीसीच्या परेडपर्यंत ड्रिलच्या बुटांची तपासणी आजही टोकाच्या चकाकीवरून सुरू होते. नागरी जीवनात या कलेला जपानने विशेष मान दिला. २०१७ साली लंडनमध्ये झालेल्या बूट-पॉलिशच्या जागतिक स्पर्धेत टोकियोचे युया हासेगावा विजयी झाले.

मुंबईच्या उपनगरी स्थानकांवरील पॉलिशवाल्यांचे कौशल्य वेगळ्या जातीचे आहे. गिऱ्हाइकाला गाडी पकडायची असते, त्यामुळे मिरर पॉलिशला लागणारा वेळच तेथे नसतो. पाय लाकडी पेटीवर ठेवला की मोज्यांना डाग लागू नये म्हणून घोट्याशी पुठ्ठ्याचे तुकडे खोचायचे, ब्रशने पॉलिश पसरायचे, दुसऱ्या ब्रशने झटकन उजाळा द्यायचा, दोन्ही हातांत ताणलेली कापडाची पट्टी टोकावरून सपसप ओढायची आणि ब्रश पेटीवर आपटून दुसरा पाय ठेवण्याची खूण करायची, हे सारे दोन-चार मिनिटांत होते. रस्त्याकडेला बूट-चपला दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना महाराष्ट्र शासनाच्या कागदपत्रांत ‘गटई कामगार’ म्हणतात, आणि समाजकल्याण विभाग त्यांना पत्र्याचे स्टॉल देण्याची योजना राबवतो. चामड्याशी संबंधित श्रम जातीने काही समाजांवर लादले गेले आणि त्यामागचे ज्ञान मात्र दुर्लक्षित राहिले; चामड्याची पारख, रंगाची जोड आणि हाताचा अंदाज ही या कारागिरांकडे असलेली विद्या आहे, आणि तिची गणना कारागिरीतच व्हायला हवी.

मिरर पॉलिश कायमचे नसते. ठेच लागली तर मेणाचा टवका उडतो. तेवढ्याच जागी पुन्हा पातळ थर देऊन तो भरता येतो. थर पिवळट किंवा ढगाळ झाले, तडकले, किंवा बऱ्याच वेळा डागडुजी झाली की सगळे मेण रिमूव्हरने उतरवून, चामड्याला कंडिशनर देऊन नव्याने सुरुवात करणे इष्ट. उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवल्यास मऊ मेण चिकट होते. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यात बंद कपाटातील बुटांवर बुरशी धरते, तीही बहुधा मेणाने न झाकलेल्या घडीवर आणि आतल्या अस्तरावर. म्हणून या दिवसांत बूट कापडी पिशवीत, हवा खेळेल अशा जागी ठेवावेत, भिजल्यास आत कागद भरून सावलीत वाळवावेत आणि पूर्ण कोरडे होईपर्यंत त्यांवर पॉलिशचा हात देऊ नये.