जुनं परवान्याचं पिस्तूल : नावावर कसं करायचं आणि उजळताना काय टाळायचं

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही. त्यामुळे पिस्तुलाचा परवाना जिल्हादंडाधिकारी, म्हणजेच जिल्हाधिकारी देतात. जुनं पिस्तूल विकत घ्या किंवा आजोबांचं नावावर करा, कागद त्याच कार्यालयातून फिरतो.

इसार देण्याआधी बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचा आकडा, वाचा. .३२ आणि .२२ बोअरच्या परवान्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. ९ मि.मी., .३८ आणि .४५५ ही हत्यारं प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात आणि त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाकडून मिळतो. वेब्लीचं .३२ पिस्तूल आणि कोल्टचं १९०३ मॉडेल बाजारात पाहायला मिळतात. युरोपीय पिस्तुलांवर बहुधा ‘७.६५’ कोरलेलं असतं, म्हणजे तेच .३२. मात्र एफएन या बेल्जियन कंपनीचं १९१० मॉडेल ७.६५ आणि ९ मि.मी. शॉर्ट अशा दोन्हींत निघालं आणि बाहेरून दोन्ही जवळजवळ सारखीच दिसतात. तेव्हा मॉडेलच्या नावावर जाऊ नका, कोरलेला आकडा वाचा.

अर्जदाराला २१ वर्षं पूर्ण हवीत. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाल्यापासून एका माणसाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात आणि ही मर्यादा वारसाहक्कालाही लागू आहे. परवान्याची मुदत तेव्हाच तीनवरून पाच वर्षं झाली. रावेर-यावलकडे रानडुकरांसाठी घेतलेला पीकसंरक्षणाचा परवाना अनेकांकडे असतो. त्यावर पिस्तूल चढत नाही. पिस्तुलासाठी स्वतंत्र कारण लागतं, आणि ‘जिवाला धोका आहे’ एवढ्या एका ओळीवर भागत नाही. रोकड घेऊन केव्हा, कुठून कुठे जावं लागतं, आधी तक्रार दिली असेल तर तिची प्रत, असं तपशिलात लिहिलेलं कारणच टिकतं.

अर्ज नमुना ए-१ मध्ये असतो. तो शस्त्र परवान्याच्या केंद्रीय पोर्टलवर भरून त्याची छापील प्रत कागदपत्रांसह जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत द्यायची. सोबत जन्मतारखेचा पुरावा, आधार, रहिवासाचा पुरावा, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे चार फोटो, शारीरिक व मानसिक आरोग्याचं आणि व्यसन नसल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण प्रमाणपत्र आणि हत्यार कुलूपबंद ठेवण्याची हमी. शेती असेल तर सातबारा आणि व्यवसाय असेल तर प्राप्तिकर विवरणपत्रंही मागितली जातात. अर्ज अडकण्याचं नेहमीचं कारण अगदी साधं असतं : आधारवर गावचा पत्ता आणि राहणं शहरात. पोलीस गावी चौकशीला जातात, अर्जदार सापडत नाही आणि अहवाल तसाच परत येतो. हा अहवाल नियमाप्रमाणे ३० दिवसांत यायचा असतो. अर्ज नामंजूर झाला तर कारणं लेखी मागा आणि ३० दिवसांच्या आत नाशिकच्या विभागीय आयुक्तांकडे अपील करा.

खासगी माणसाकडून घेताना दोघांचेही परवाने वैध हवेत. विकणाऱ्याने घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचा, पोच घ्यायची आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. हत्यार त्याआधी हातात घेऊ नये, ‘पाहायला’ म्हणूनसुद्धा.

वारसाचं असेल तर परवानाधारक वारल्यावर पिस्तूल कपाटात पडू देऊ नका. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. अर्जाला मूळ परवाना, मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकीच्या वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र जोडा. धारक हयात असेल तर त्याचं वय ७० झाल्यावर किंवा हत्यार २५ वर्षं बाळगल्यावर, यांतलं जे आधी होईल तेव्हा, तो वारसाचं नाव देऊ शकतो.

‘गंजलंय, चालत नाही, मग परवाना कशाला?’ हा समज महागात पडतो. कलम ४५ ची सूट दुरुस्ती करूनही चालू न शकणाऱ्या जुन्या हत्यारालाच आहे. स्प्रिंग बदलली की चालेल, अशा पिस्तुलाला परवाना लागतोच.

आता उजळण्याविषयी. स्लाइडवरचं (वरच्या सरकत्या भागावरचं) नाव, नंबर आणि प्रूफचे, म्हणजे कारखान्यातल्या चाचणीचे, शिक्के हीच जुन्या पिस्तुलाची किंमत आणि हीच त्याची कायदेशीर ओळख. कलम ८ प्रमाणे ही खूण पुसणं, काढणं किंवा बदलणं यांना मनाई आहे. बफिंगच्या चाकावर पिस्तूल धरलं की सर्वांत आधी अक्षरांच्या कडा विरतात, मग स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात आणि सपाट बाजूंच्या धारदार रेघा गोल पडतात. त्यावर कितीही सुंदर निळाई (पोलादावरचा निळसर-काळा रासायनिक थर) चढवली तरी जाणकार पाच सेकंदांत ओळखतो. निकेलचा मुलामा तर त्याहून वाईट. त्याआधी धातू आम्लात बुडवतात. त्यात जुन्या स्प्रिंगा ठिसूळ होतात. बाटलीतली थंड निळाई लावली तर डाग वेगळ्याच करड्या रंगाचा दिसतो आणि हाताळणीत लवकर उडतो.

मूळ निळाई निम्मी उरली असेल तर ती तशीच ठेवा. मॅगझिन काढा, चेंबर (नळीतली गोळी बसायची जागा) रिकामं असल्याची डोळ्याने आणि बोटाने खात्री करा, मगच पुढचं काम. वरवरच्या गंजावर पातळ तेल लावून रात्रभर ठेवा. सकाळी तांब्या-पितळेच्या मऊ तारेने किंवा पितळी पट्टीने, जोर न लावता काढा. पितळ पोलादापेक्षा मऊ असल्याने ओरखडा पडत नाही. नंबरावर फक्त तेल आणि सुती कापड. साधा पेचकस स्क्रूची खाच फोडतो, आणि फुटलेली खाच लगेच दिसते. खाचेत तंतोतंत बसणारं टोकच वापरा. मुठीच्या मूळ पट्ट्या तडकल्या असतील तर बदला, पण जुन्या जपून ठेवा. रबराच्या असतील तर रॉकेल लावू नका.

लाल गंज खोल गेला असेल तर सुटे पोलादी भाग डिस्टिल्ड पाण्यात उकळायची पद्धत आहे. तांबडा गंज काळ्या थरात बदलतो आणि खालची मूळ निळाई वाचते. हे काम मात्र दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडूनच करून घ्या. दुरुस्तीलाही कायद्याने परवाना लागतो. देताना पावतीवर नंबर लिहून घ्या, काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागा. कारागीर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर आधी परवान्यावरचं ‘क्षेत्र’ वाचा. तिथे फक्त आपला जिल्हा असेल तर हत्यार बाहेर नेता येत नाही.

निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करण्याची नोटीस आली तर चामड्याच्या पाऊचमध्ये देऊ नका. चामडं दमट हवा धरून ठेवतं आणि पावसाळ्यात दोन महिन्यांत निळाईवर ठिपके पडतात. तेलाचा पातळ हात फिरवून सुती कापडात गुंडाळा. पावतीवर नंबराबरोबर ‘निळाई शाबूत, गंज नाही’ हेही लिहून घ्या. नुसत्या ‘एक पिस्तूल’ एवढ्या नोंदीवर परत घेताना काही बोलता येत नाही.