जोखीम नकोशी वाटणं वेगळं, तोटा न सोसवणं वेगळं

तोट्यातला शेअर वर्षानुवर्षं सांभाळून बसलेल्या माणसाबद्दल 'तो जोखमीला घाबरतो' असं सर्रास लिहिलं जातं. जोखमीला घाबरत असता तर पहिल्याच घसरणीत विकून मोकळा झाला असता!

जोखीम टाळणं, म्हणजे रिस्क ॲव्हर्जन, सगळ्यांच्या ओळखीचं. हमखास 500 घ्या, नाहीतर नाणं उडवा: छापा आला तर 1000, काटा आला तर शून्य. सरासरी सारखीच, तरी बहुतेक जण 500 उचलतात. जवळ जितकं जास्त तितकं पुढच्या पैशाचं मोल कमी, हे कारण गणितज्ञ डॅनियल बर्नुलीने 1738 मध्येच मांडलं.

घोळ होतो तो लॉस ॲव्हर्जनपाशी, म्हणजे तोटा न सोसवण्यापाशी. इथे शेवटी हातात किती उरलं याला महत्त्वच नसतं. मनात ठोकलेल्या खुणेच्या, म्हणजे शेअरच्या बाबतीत खरेदीच्या भावाच्या, वर की खाली, एवढंच दिसतं. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या 1979 च्या शोधनिबंधातले दोन प्रश्न शेजारी ठेवून बघा. पहिला: तुम्हाला 1000 मिळालेत, आता आणखी हमखास 500 घ्या, किंवा निम्म्या शक्यतेने 1000. 84 टक्क्यांनी हमखास 500 घेतले. दुसरा, वेगळ्या गटाला: तुम्हाला 2000 मिळालेत, आता हमखास 500 गमवा, किंवा निम्म्या शक्यतेने 1000. इथे 69 टक्क्यांनी जुगार पत्करला. हिशेब मांडा: दोन्हीकडे पर्याय तेच, नक्की 1500 किंवा 1000-2000 पैकी एक. सरकली ती फक्त खूण.

इथे आणखी एक गल्लत होते. हा जुगार येतो तो तोटा वाढेल तशी बोच बोथट होत जाते म्हणून. लॉस ॲव्हर्जन म्हणजे नेमकं एवढंच, की तोटा तेवढ्याच फायद्यापेक्षा जास्त बोचतो. किती जास्त, याचा 1992 मध्ये याच दोघांनी काढलेला आकडा 2.25 पट. हरलो तर 100 जाणार, जिंकलो तर 150 मिळणार, अशी नाणेफेकही लोक नाकारतात ती यामुळे.

इलाजही वेगळे. जोखीम खुपत असेल तर रक्कम कमी करा, पैसे चार ठिकाणी विभागा. तोटा खुपत असेल तर खूणच हलवावी लागते. खरेदीचा भाव झाकून ठेवा आणि फक्त आजचा भाव कागदावर लिहा. एवढी रोकड आज हातात असती, तर याच भावाने हाच शेअर घेतला असता का? उत्तर 'नाही' आलं तर विका. आणि भाव रोज उघडून बघणं थांबवा: रोजच्या चढउतारात लाल आकडा सारखाच समोर येतो आणि प्रत्येक वेळी नव्याने बोचतो.