अमेरिकेचं तिकीट दाखवलं म्हणून कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर 46 किलो चालत नाही

कोल्हापुरात पोरगं शिकायला परदेशी निघालं की कुणीतरी हमखास सांगतं, "पुढचं तिकीट दाखवा, इथल्या विमानातही तेवढंच वजन घेतात." हे सरसकट खरं नाही.

अमेरिकेच्या तिकिटावर बहुतेकदा 23 किलोच्या दोन बॅगा मिळतात. कोल्हापूर ते मुंबई प्रवास त्याच बुकिंगमध्ये असेल, तर सहसा तीच मर्यादा पहिल्यापासून लागू होते. वेगळं तिकीट काढलं असेल, तर देशांतर्गत नियम लागतो: सहसा 15 किलो. म्हणजे 31 किलो जादा, आणि पैसे प्रत्येक किलोमागे. आईनं डोळ्यांत पाणी आणत भरलेली कांदा-लसूण चटणी ऐनवेळी काउंटरसमोर बाहेर काढावी लागते, ते बघवत नाही.

काही कंपन्या पुढचं तिकीट पाहून थोडी सवलत देतात. ती किती, हे आधी विचारा. जादा वजन घरूनच ऑनलाइन घेतलं तर बहुधा स्वस्त पडतं. नाहीतर महालक्ष्मी एक्सप्रेस आहेच, टू-टायर एसीत 50 किलो मोफत नेता येतं.