रंगदृष्टी आणि रंगसंकेत

डोळा आणि मेंदू मिळून प्रकाशाच्या निरनिराळ्या तरंगलांबींतला फरक ओळखतात, ती रंगदृष्टी. समाज एखाद्या रंगाला जो अर्थ जोडतो, तो रंगसंकेत. पहिली बाब शरीराची, दुसरी रूढीची. या नोंदीतली उदाहरणे नागपूरची आहेत. रंगांचे इतके परस्परविरोधी अर्थ एकाच गावात नांदताना फार कुठे दिसत नाहीत.

माणसाला साधारण ३८० ते ७५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. डोळ्याच्या आतल्या दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या सुमारे ६० लाख शंकुपेशी असतात. त्यांचे तीन प्रकार. यांतली एकटी पेशी रंग ओळखू शकत नाही. तिन्ही प्रकारांच्या प्रतिसादांची तुलना होऊन रंग ठरतो. टीव्हीच्या पडद्यावर पिवळा ठिपका मुळीच नसतो, तांबडा आणि हिरवा शेजारी पेटले की मेंदू पिवळा पाहतो. हा त्रिरंगी सिद्धान्त थॉमस यंग यांनी १८०२ मध्ये मांडला आणि पुढे हेल्महोल्ट्झ यांनी विस्तारला. वित्त खात्याच्या नोकरीत १९१०च्या सुमारास नागपुरात बदलून आलेले चं. व्यं. रामन उतारवयात रंगदृष्टीच्याच अभ्यासाकडे वळले आणि त्यांनी या सिद्धान्ताला हरकत घेतली. ती हरकत टिकली नाही.

दिसणारा रंग उजेडावरही अवलंबून असतो. इतवारीत साडीला ब्लाउजपीस जुळवताना ‘भाऊ, जरा बाहेर उजेडात पाहू द्या ना’ असे म्हणत गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर येते. ते बरोबरच करते. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघू शकतात, कारण ट्यूबलाइटच्या आणि उन्हाच्या प्रकाशात तरंगलांबींचे प्रमाण वेगळे असते.

दिसणारा रंग शेजारच्या रंगावरही ठरतो, ते संत्र्यात दिसते. आंबिया बहाराचे, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याचे फळ आतून गोड झाले तरी साल पुष्कळदा हिरवट राहते. सालीतले हरितद्रव्य जायला थंड रात्री लागतात. अशी फळे नारिंगी-तांबड्या जाळीत भरली की जाळीच्या बारीक धाग्यांचा रंग फळावर उतरल्यासारखा दिसतो आणि संत्रे अधिक पिकलेले वाटते. या दृष्टिभ्रमाला मुंकर आभास म्हणतात. घासाघीस करण्याआधी एक फळ जाळीबाहेर काढून पाहावे.

रंगसंकेतांत मात्र असे कोणतेही मोजमाप चालत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहरात काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, असे सांगतात. काळी ही दुष्ट शक्तींची, पिवळी ही लोकांचे रक्षण करणारी. पण ‘इडापिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी दोघींसाठी, आणि शेवटी जाळतातही दोघींना. त्यातला काळा तरी सर्वत्र अशुभ कुठे आहे? मंगळसूत्राचे मणी काळेच, आणि संक्रांतीला काळी साडी हौसेने नेसतात.

विजयादशमीला हा विरोध सर्वांत ठळक दिसतो. त्या दिवशी रेशीमबागेत राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या उत्सवात भगव्या ध्वजाला वंदन होते आणि दीक्षाभूमीवर निळे झेंडे व पंचरंगी धम्मध्वज फडकतात. १९४२ मध्ये नागपुरातच स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा होता. आंबेडकरी चळवळीची ती ओळख पुढे पक्की झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षेला आलेल्यांच्या अंगावर मात्र पांढरे कपडे होते. नवरात्राचे नऊ रंग तर अगदी अलीकडचे. वारावरून बेतलेले हे रंग वर्तमानपत्रांनी गेल्या दोन-अडीच दशकांत रूढ केले, आणि आता कचेऱ्यांतही ते पाळले जातात.

एका ठिकाणी मात्र रंगाचा अर्थ बदलून चालत नाही, ते म्हणजे रेल्वे. तिथे तांबडा म्हणजे थांबा, एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने चला, हिरवा म्हणजे निघा. तांबड्या-हिरव्यातला फरक न कळणे ही उणीव एक्स गुणसूत्रावरील जनुकांमुळे येते, म्हणून ती पुरुषांत बरीच जास्त आढळते. ती ओळखण्यासाठी शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये ठिपक्यांचे तक्ते प्रसिद्ध केले. लोको पायलटच्या भरतीत रंगदृष्टीची तपासणी सक्तीची असते, आणि तीत नापास झालेल्याला इंजिन चालवायला मिळत नाही.