ध्वनी उपकरणांचे अनुमती-व्यवस्थापन (घरगुती सामायिक संगणक)

एकाच संगणकावर घरातील अनेकांची स्वतंत्र खाती असताना स्पीकर, हेडफोन व माइक कोणत्या खात्याला केव्हा वापरता यावेत, हे ठरविणारी व्यवस्था. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः लिनक्स प्रणाली विचारात घेतली आहे.

लिनक्स ज्या युनिक्स प्रणालीच्या परंपरेत मोडते, त्या परंपरेत ध्वनी उपकरण फाइलरूपाने दिसते. त्या फाइलीत लिहिणे म्हणजे वादन, तीतून वाचणे म्हणजे ध्वनिमुद्रण. त्यामुळे मालक, गट व इतर यांना फाइलींवर मिळणारे नेहमीचे अधिकार आवाजालाही लागू पडतात.

संगणकासमोर बसलेल्यालाच उपकरण देण्याच्या पद्धतीचा उगम रेड हॅट या लिनक्स पुरविणाऱ्या कंपनीच्या पॅम-कन्सोल या घटकात, म्हणजे साधारणपणे 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात मानता येतो. तथापि सन मायक्रोसिस्टिम्सच्या सनओएस प्रणालीतील एफबीटॅब ही फाइल (प्रवेश करणाऱ्याला उपकरणांचा ताबा देण्यासाठीची) त्याआधीची असून तेच मूळ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ऑक्टोबर 1993 मध्ये सर्ट या संगणक-सुरक्षाविषयक संस्थेने दिलेल्या सूचनेनुसार सनच्या संगणकांवरील ध्वनी-फाइल सर्वांना खुली होती. प्रणालीत प्रवेश असलेल्या कोणालाही माइकजवळचे संभाषण ऐकता येई आणि माइक चालू असल्याची खूणही दिसत नसे. माइक काढून ठेवणे किंवा अनुमती बदलणे, हे त्यावरचे उपाय होते. अनुमतीचा प्रश्न गाणी ऐकण्याइतकाच घरातील खाजगीपणाचा आहे, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

लिनक्समध्ये ओएसएस (1992) व नंतर आल्सा हे ध्वनिस्तर (प्रणाली व ध्वनी उपकरण यांना जोडणारे सॉफ्टवेअर) आले. 2003 च्या अखेरच्या 2.6 गाभ्यात (कर्नेलमध्ये) आल्सा समाविष्ट होते. डेबियन या लिनक्स-आवृत्तीच्या परंपरेत ‘ऑडिओ’ नावाचा गट असून त्याच्या सदस्यांना उपकरण खुले राहते. ही पद्धत सोपी, पण सदस्यत्व कायमचे असते. दुरुस्तीसाठी मुंबईहून दूरस्थ प्रवेश घेणाऱ्या पुतण्याचे खाते या गटात असेल, तर रत्नागिरीच्या घरातील माजघराचा माइक त्याला तेथून उघडता येतो. शिवाय एकाचे गाणे मागे चालू राहिल्यास दुसऱ्याला उपकरण मिळेलच असे नाही. खाते गटात घालण्यासाठीच्या युजरमॉड आज्ञेत ‘ए’ (-a) पर्याय न देता केवळ मोठ्या लिपीतील ‘जी’ (-G) दिल्यास त्या खात्याचे अन्य पूरक गटांतील सदस्यत्व जाते, हा धोका विशेष ध्यानात ठेवावा.

लिनक्सवरील सेवा चालविणाऱ्या सिस्टिमडीमधील लॉगइनडी ही सेवा सक्रिय सत्राच्या, म्हणजे त्या वेळी संगणकासमोर काम करीत असलेल्या, वापरकर्त्याला उपकरणावर तात्पुरता अधिकार देते व सत्र बदलताच तो काढून घेते. फाइलींच्या यादीत अनुमतीपुढे अधिक चिन्ह दिसते ते यामुळे. घरगुती वापरासाठी हीच पद्धत श्रेयस्कर होय. अनेक कार्यक्रमांचा आवाज एकत्र हाताळणाऱ्या पल्सऑडिओ व त्यानंतरची पाइपवायर (फेडोरा या लिनक्स-आवृत्तीत 34 पासून मूलनिवड, 2021) या सेवा सामान्यतः प्रत्येक वापरकर्त्यासाठी स्वतंत्र चालतात.

कोकण किनारपट्टीवर गणपतीत चाकरमानी घरी आले की सामायिक संगणकावर पाहुण्यांची खाती वाढतात. लॉगइनडी असल्यास त्यांना कोणत्याही गटात घालावे लागत नाही, आणि ते परतल्यावर काही निस्तरावेही लागत नाही. खाऱ्या, दमट हवेने जॅकला गंज चढून आवाज जातो, तेव्हा दोष अनुमतीवर येण्याची शक्यता असते. एकाच खात्यात ‘डमी आउटपुट’ (खरे उपकरण न मिळाल्याची खूण) दिसत असेल तर आधी अनुमती तपासावी. सर्व खात्यांत उपकरण दिसूनही आवाज नसेल तर जॅक व आवाजाची पातळी पाहावी.