दगडावरचा काचेचा पेला

‘बिनाका गीतमाला’ ऐकत वाढलेल्यांना बिनाका हे नाव रेडिओमुळे पाठ आहे. ती टूथपेस्ट मुळात स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या सिबा कंपनीची. त्याच गावचा चित्रकार निकलाउस श्टोकलिन याने १९४१ साली तिचं पोस्टर केलं. काचेचा पेला आणि त्यात टूथब्रश, एवढंच. पण पेला असा की उचलायला हात पुढे व्हावा. वस्तूच बोलेल, बाकी शब्द कशाला, ही बाझलच्या चित्रकारांची रीत मला फार आवडते.

ही किमया शिळाछापाची. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या गुळगुळीत चुनखडकावर तेलकट खडूने चित्र काढतात. खडूतली मेदाम्लं दगडातल्या कॅल्शियमशी जुळून न विरघळणारा साबण तयार होतो. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा जो चिकट साका बसतो, तोच हा. मग किंचित नायट्रिक आम्ल घातलेला डिंक फिरवला की उरलेला दगड पाणी धरून ठेवतो. ओल्या दगडावर तेलकट शाईचा रूळ फिरवा: शाई फक्त चित्राला चिकटते. कोरीवकाम नाही, उठाव नाही, नुसतं तेलपाण्याचं वैर!

पेल्याची मऊ सावली येते ती दगडाच्या रव्यामुळे. वाळूने घासलेल्या दगडावर हलक्या हाताने खडू फिरवला तर तो बारीक उंचवट्यांनाच लागतो. दुरून डोळा ते ठिपके एकत्र करून करडी छटा पाहतो. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे आणि कागद दर वेळी तंतोतंत त्याच जागी बसवावा लागे.

कागदाचं माप ९०.५ × १२८ सेंटिमीटर. रसायनशास्त्राचे नोबेल विजेते विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्या ‘जागतिक आकारा’तून ते आलं. एक सेंटिमीटर बाजूपासून सुरुवात करायची, दर पायरीला क्षेत्रफळ दुप्पट. बाजूंचं गुणोत्तर १ : √२, म्हणून मधोमध दुमडलं तरी आकार तोच राहतो. आपल्या ए-फोर कागदाचंही गुणोत्तर हेच. १९१४ च्या बर्नमधल्या राष्ट्रीय प्रदर्शनाच्या सुमारास हे माप स्वित्झर्लंडमध्ये रुळलं. मग रस्त्यावर बड्या कंपनीला आणि छोट्या दुकानाला सारखीच चौकट मिळू लागली.

एवढ्या मापाचा दगड दहा सेंटिमीटर जाड धरला, तर वजन तीनशे किलोंच्या घरात जातं. असे दगड फेकत नसत. छपाई संपली की वाळूने घासून जुनं चित्र पुसायचं. दगड थोडा पातळ व्हायचा आणि पुढच्या जाहिरातीसाठी कोरा.